हिटलर पहिल्या महायुद्धात ज्या राखीव डिव्हिजनमध्ये होता, तिने नेमकं काय केलं?

ती ६वी बव्हेरियन राखीव डिव्हिजन. १९१४ च्या शरद ऋतूत घाईघाईत उभी केलेली, प्रशिक्षण जेमतेम. हिटलर तिच्या १६व्या रेजिमेंटमध्ये निरोप्या होता. ऑक्टोबरअखेर बेल्जियममधल्या ईपरजवळ, गेलुवेल्टला तिची पहिली लढाई झाली. टोकदार शिरस्त्राणं मिळाली नव्हती, डोक्यावर साध्या टोप्या. त्यामुळे आपल्याच जर्मन सैनिकांनी इंग्रज समजून गोळ्या झाडल्या! रेजिमेंटचे प्रमुख कर्नल लिस्ट ३१ ऑक्टोबरला मारले गेले.

मार्च १९१५ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नव्ह शापेलला तिने प्रतिहल्ला चढवला. तिथे समोर ब्रिटिशांबरोबर भारतीय कोअर, म्हणजे भारतीय सैनिकांची मोठी तुकडीही होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

पुढे सव्वा-दीड वर्षं ती उत्तर फ्रान्समधल्याच फ्रोमेलच्या चिखलात खंदक आणि काँक्रीटचे आसरे बांधत बसली. १९ जुलै १९१६ ला त्याचं फळ मिळालं: एका रात्रीत, हल्ला करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या ५व्या डिव्हिजनचे ५,५३३ जण मृत, जखमी किंवा बंदी झाले. जर्मनांनी आपल्या फळीमागे पुरलेल्या शत्रूच्या २५० सैनिकांचे अवशेष २००९ मध्ये उकरून काढले गेले.

त्यानंतर फ्रान्समधल्या सोम आणि आरासच्या लढाया, मग पुन्हा ईपर. पण माझ्या मते तिची खरी ओळख फ्रोमेलच. हल्ल्यापेक्षा बचावात ती जास्त तरबेज होती.