भाड्याच्या गाळ्याला अग्निशमनची नोटीस: माझा अनुभव

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय: गाळा भाड्याचा, मालक म्हणतो "बिल्डिंगची एनओसी आहे, तुम्हाला काही करायचं नाही", आणि हातात अग्निशमन दलाची नोटीस. ते वाचून माझेच जुने दिवस आठवले. पहिल्या मजल्यावर माझं बाइंडिंगचं काम होतं.

मालकाच्या बोलण्यावर राहू नका. 2006 च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्यात मालकाबरोबर भोगवटादारही येतो, म्हणजे आपण. परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची साधनं चालू स्थितीत असल्याचा दाखला, दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो, हे तुम्हाला माहीत असेलच.

माझी चूक फॉर्म बीचीच. सगळ्यात स्वस्त एजन्सी धरली, फोनवर ठरलं, दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. गाळ्यात कोणी पाऊलही टाकलं नव्हतं. मी प्रिंट काढून फाइलला लावली आणि निर्धास्त झालो.

मे महिन्यात सरस गरम करायच्या हीटरची वायर पेटली. आग विझवायचा सिलिंडर काढला, पिन उपसली, दांडा दाबला. फुस्स आवाज आला आणि चिमूटभर पावडर पायावर पडली. त्याच्या दाबाचा काटा कधीचा लाल पट्ट्यात होता, आतली पावडर दगड झालेली. शेजारच्या गाळ्यातला सिलिंडर आणून पोरांनी विझवलं, म्हणून एका टेबलावर भागलं. पण धूर भरला होता, आम्ही दहा जण, आणि मागच्या जिन्याला चोरीच्या भीतीने इस्टेट ऑफिसने (इमारतीचा कारभार बघणाऱ्या) घातलेलं कुलूप! ते काढा म्हणून मी तीन अर्ज दिले होते. दर वेळी एकच उत्तर, "साहेब आले की बघू". याचा राग अजून जात नाही. 29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिलच्या आगीत 14 जण गेले, त्यातले बहुतेक गुदमरून.

म्हणून माझं मत: एजन्सीच्या माणसाला गाळ्यात उभं करा, प्रत्येक सिलिंडर तुमच्यासमोर वजन करायला लावा, काट्याचा तारखेसह फोटो ठेवा. जागेवर न येणाऱ्याला पैसे देऊ नका. इलेक्ट्रिक पॅनलजवळ सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) सिलिंडर हवा, पाण्याची बादली नको. दिवस संपताना मेन स्विच बंद करायचं काम एकाच माणसाकडे द्या.

मी वकील नाही, तुमच्या शहरातले नियम थोडे वेगळे असू शकतात. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्याच. आणि जिना बंद असेल तर अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. माझ्या तिन्ही अर्जांवर तो नव्हता, आणि नंतर ऑफिसने सांगितलं की असा अर्ज आलाच नाही.