बेल्ट आहे, पण अडकवायचा कुठं?

वाचकांचे प्रश्न : उंचीवरचं काम

पावसाच्या आधी स्लॅब उरकायची, पत्रे बदलायची, गिलावा संपवायची घाई बेळगाव जिल्ह्यात सगळीकडे असते. त्याच घाईतून आलेल्या पत्रांपैकी पाच इथं घेतली आहेत. उत्तरं बांधकाम सुरक्षेचं काम करणाऱ्या इंजिनिअरांनी दिली आहेत.

प्रश्न : मी घरांची कामं घेतो. बहुतेक कामं तळमजला आणि वर एक मजला एवढीच. यंदा सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणाऱ्या पोरांसाठी सेफ्टी बेल्ट आणले. पण स्लॅबवर अडकवायला काही नसतंच, म्हणून पोरं कॉलमच्या उभ्या सळ्यांना हूक लावतात. चालेल का?
— एक मेस्त्री, खानापूर

मेस्त्री, चालणार नाही. त्याची कारणं दोन आहेत आणि दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

पहिलं कारण सळीचं. सळी वरून मोकळी असते. माणूस पडला की हूक सरकत वर जातो आणि टोकावरून निसटतो. सेंट्रिंगचे टेकू, चार इंची विटांचा कठडा, पाण्याचा पाइप यांचीही तीच गत. पडणारा माणूस साठ-सत्तर किलोचा असला तरी अडकवलेल्या जागेवर येणारा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. म्हणून एका माणसासाठीची अँकरची, म्हणजे हूक अडकवायची जागा निदान १,२०० किलोचा ओढा सोसेल अशी धरतात. घराच्या कामात अशी जागा म्हणजे पूर्ण सेट झालेला कॉलम किंवा बीम. त्याला पट्ट्याची स्लिंग, म्हणजे मजबूत पट्ट्याचा फास गुंडाळायचा, कोपऱ्यावर पट्टा कापू नये म्हणून मध्ये गोणपाटाची जाड घडी घालायची आणि हूक त्या स्लिंगमध्ये लावायचा.

आता दुसरं कारण. बेल्टबरोबर येणारी दोरी साधारण साडेसहा फुटांची, म्हणजे दोन मीटरची असते. तिच्यातलं धक्का शोषणारं पाकीट पडताना उसवतं आणि पावणेसहा फुटांपर्यंत लांबतं. दोरी जोडतात त्या पाठीवरच्या कडीपासून माणसाच्या पायापर्यंत पाच फूट. पाय जमिनीला लागू नयेत म्हणून शिवाय सव्वातीन फूट मोकळे लागतात. बेरीज करा : साडेवीस फूट. हूक पायाजवळ लावला असेल तर त्या जागेखाली एवढी मोकळी उंची हवी. तुमचा स्लॅब दहा फुटांवर. दोरी ताणली जायच्या आधीच माणूस जमिनीवर आदळलेला असतो. दहा फूट पडायला एक सेकंदही लागत नाही आणि जमिनीला टेकताना वेग ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर असतो.

म्हणजे एकमजली, दुमजली कामावर लांब दोरीचा बेल्ट बहुतेक वेळा फक्त दिसायला असतो. तिथं माणूस कडेपर्यंत पोचणारच नाही अशी सोय करावी लागते. सेंट्रिंग लावतानाच बाहेरच्या चौकटीला दर सहा फुटांवर उभा पाइप क्लॅम्पनं आवळा. त्यांना एक आडवा पाइप साधारण कंबरेच्या वर, सव्वातीन फुटांवर आणि दुसरा त्याच्या निम्म्यावर बांधा. खाली सहा इंची फळी उभी लावा, म्हणजे पकड आणि सळीचे तुकडे खालच्या माणसाच्या डोक्यावर जात नाहीत. स्लॅबचं लोखंड वर चढवायच्या आधी हे सगळं व्हायला हवं. काँक्रीटच्या दिवशी सकाळी ते कुणी करत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

रेलिंग बसतच नाही अशा कडेला बेल्ट वापरा, पण आखडता. कडेपासून दहा-बारा फूट आत पक्की जागा घ्या आणि दोरी इतकी लहान करा की माणूस कडेच्या दोन फूट अलीकडेच अडेल. कोपऱ्यात मात्र सावध राहा. अँकरच्या समोरच्या कडेला बेतलेली दोरी बाजूच्या, जवळच्या कडेला लांब पडते आणि तिथून पडलेला माणूस झोका घेत भिंतीवर आदळतो.

जिन्याचं भोक, डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी मोकळी जागा), लिफ्टचा खड्डा याकडे सगळ्यांत कमी लक्ष असतं. भोकावर प्लाय टाकून ठेवणं म्हणजे सापळा लावणं. कुणाला तरी प्लाय हवा असतो, तो दोन्ही हातांनी उचलतो, प्लाय डोळ्यांसमोर येतो, तो एक पाऊल पुढे टाकतो आणि त्याच भोकात जातो. प्लाय किमान १८ मिलिमीटर जाडीचा घ्या, चारी बाजूंनी खिळे ठोका आणि त्यावर लाल रंगानं मोठी फुली मारा. वाचता न येणाऱ्यालाही फुली कळते.

प्रश्न : आमच्या मागाच्या शेडवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. मे महिन्यात बदलायचे आहेत. काम करणारे म्हणतात, बोल्टच्या रांगेवरून चाललं की पत्रा फुटत नाही. खरं आहे का?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

अर्धंच. बोल्टखाली लोखंडी अँगल असतो, म्हणून त्या रेषेत आधार आहे हे बरोबर. पण पाऊल नऊ-दहा इंचाचं, अँगलची कड दोन इंचाची. हातात पत्रा धरून, वारा अंगावर घेत त्या रेषेत चालणाऱ्याचा एखादा पाय बाजूला पडणारच. वीस-तीस वर्षं ऊन-पाऊस खाल्लेला पत्रा न कुरकुरता एकदम फुटतो. त्यातून शेडमध्ये उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे धूळ आणि शेवाळानं काळे पडलेले असतात. वरून ते सिमेंटच्या पत्र्यासारखेच दिसतात आणि त्यांना तेवढाही दम नसतो. काम सुरू व्हायच्या आधी शेडच्या आत उभं राहून उजेड कुठून येतो ते पाहा आणि त्या जागा वर खडूनं आखून घ्या.

पत्र्यावर कुणी थेट उभं राहायचं नाही. दीड फूट रुंदीच्या, आडव्या पट्ट्या ठोकलेल्या फळ्या घ्या. प्रत्येक फळी निदान तीन अँगलवर टेकली पाहिजे आणि वरच्या टोकाला बांधलेली पाहिजे. अशा दोन फळ्या हव्यातच : एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवता येते. एकच फळी असली की ती सरकवायला माणूस पत्र्यावर उतरतो.

खालून मचाण उभारून पत्रे उतरवता येत असतील तर तेच करा. माग झाकून बाजूला घ्यायला एक दिवस जाईल, तो जाऊ द्या. निदान कामाच्या पट्ट्याखाली जाळी ताणा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून ते फोडून खाली टाकू नका. पाणी मारून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवा. आणि दुपारनंतर ढग भरून आले की काम थांबवा. वळीव यायच्या आधी जो वारा सुटतो, तो सुटा पत्रा माणसासकट उचलतो.

प्रश्न : आमच्या घरचे गिलाव्याच्या कामाला परांचीवर असतात. ठेकेदारानं जुना बेल्ट दिलाय. तो चांगला आहे की नाही हे घरी बघून कळतं का?
— एक भगिनी, निपाणी

ताई, बरंचसं कळतं. उजेडात अंगणात बसा, बेल्ट उलगडा आणि पट्टा इंच-इंच करत बोटांतून सरकवा. जिथं वळवाल तिथं तो उलट्या U सारखा दुमडा, म्हणजे आतला काप उघडा पडतो. काठावर दोरे सुटलेत का? वेल्डिंगची ठिणगी पडून प्लास्टिकसारखा चकचकीत, कडक ठिपका झालाय का? रंग किंवा सिमेंटनं पट्टा लाकडासारखा ताठलाय का? उन्हानं रंग उडून तो पांढुरका, पावडर सुटल्यासारखा झालाय का? यातलं एकही दिसलं तर बेल्ट परत द्या.

मग शिवण बघा. जोडावर पट्ट्याहून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची नक्षीदार टीप असते. तिचे टाके तुटलेले नकोत. दोरीवरचं पाकीट उसवलेलं किंवा लांबलेलं असेल तर कुणीतरी त्या बेल्टवर एकदा पडलेला आहे. तो बेल्ट संपला, त्याला शिवण घालून उपयोग नाही. हूकची झडप बोटानं दाबून सोडली की आपोआप मिटली पाहिजे. लेबलवर आयएस ३५२१ हा आकडा (बेल्टसाठीच्या भारतीय मानकाचा क्रमांक), आयएसआयचं चिन्ह आणि बनवल्याची तारीख असते. लेबल वाचता येत नसेल तर बेल्टचं वय कळायला मार्ग नाही.

नुसता कंबरेचा पट्टा दिला असेल तर तो घालून उंचीवर जाऊ देऊ नका. पडल्यावर सगळा हिसका कंबरेच्या मणक्यावर येतो किंवा माणूस पट्ट्यातून निसटतो. खांदे आणि मांड्या धरणारा, पाठीवर कडी असलेला पूर्ण बेल्टच हवा. घातल्यावर मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये. ‘अडचण होते’ ही तक्रार बहुतेक वेळा ढिल्या मांडीपट्ट्याची असते, तो नीट आवळला की निम्मी कटकट जाते. उरलेली कटकट हूक सारखा काढून लावण्याची. दोन हूकांची दोरी मागा : एक पुढे लावल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही.

बेल्ट साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. सिमेंटच्या पोत्यांवर टाकू नका. आणि घरच्यांना एवढं विचारा : परांचीच्या फळ्या बांधलेल्या आहेत का? फळीचं टोक आधाराबाहेर सहा इंच ते एक फूट असावं. जास्त बाहेर आलेल्या टोकावर पाय पडला की फळी पलटते, आणि बेल्टची गरज तिथंच लागते.

प्रश्न : बेल्टवर माणूस लटकला तर पुढं काय करायचं?
— सुपरवायझर, चिक्कोडी

त्याला काही मिनिटांत खाली घ्या. मांडीचे पट्टे रक्त पायात अडवतात आणि शुद्धीवर असलेला माणूसही भोवळ येऊन बेशुद्ध पडू शकतो. तोवर त्याला पाय हलवत राहायला सांगा, दोरीचा फास करून पायाखाली द्या आणि त्यावर उभं राहायला लावा. शिडी, जादा दोरी आणि ते कोण आणणार हे काम सुरू करतानाच ठरलेलं हवं. कामावर मराठी, कन्नड, हिंदी बोलणारी माणसं एकत्र असतात, म्हणून शिट्टीची खूण ठेवा : लांब शिट्टी वाजली की मिक्सर बंद, सगळे थांबले.

खाली पडलेल्या माणसाला हातपाय धरून टेम्पोत घालू नका. मान आणि कणा सरळ ठेवा, १०८ ला फोन करा. श्वास चालू नसेल तर मात्र मणक्याचा विचार न करता छाती दाबायला सुरुवात करा.

प्रश्न : घर माझं, काम ठेक्यानं स्क्वेअर फुटावर दिलंय. रेलिंग, जाळीचा खर्च मी का द्यायचा?
— एक वाचक, अथणी

कारण दरात तो धरलेला नसतो, आणि दरात नाही ते साइटवर येत नाही. दर ठरवताना रेलिंगचे पाइप, भोकांची झाकणं आणि बेल्ट वेगळ्या ओळीत लिहून घ्या. पाइप-क्लॅम्प भाड्यानं मिळतात. कामगारांची कर्नाटक इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी आहे का तेही विचारा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम, एवढी अट आहे. या नोंदणीचं कार्ड अपघातानंतर घरच्यांच्या उपयोगी पडतं. अपघात टाळायला पाइप आणि क्लॅम्पच लागतात. कागदावर आणखी एक ओळ टाका : स्लॅबच्या कडेचं रेलिंग मालकानं पाहिल्याशिवाय लोखंडाचं बिल निघणार नाही.