दार्जिलिंगचा ‘फर्स्ट फ्लश’ चहा पिवळा आणि कडू झाला. भाच्याला फसवलं का?

भाच्यानं दार्जिलिंगहून शंभर ग्रॅमची पुडी आणली, पत्ती हिरवट निघाली, नेहमीसारखी उकळली तर रंग चढेना, दूध घातलं तर पांढरं पाणी, वर कडू. तुमचं म्हणणं एवढंच ना? बहुतेक फसवलेलं नाही. उकळला म्हणालात, तिथंच घोटाळा आहे.

मी कोल्हापूरचा, म्हणजे चहा म्हटलं की म्हशीचं दूध आलंच. हा चहा पहिल्यांदा हातात पडला तेव्हा मीही तेच केलं. आलं ठेचून टाकलं, दोन दणदणीत उकळ्या काढल्या, वरून घट्ट दूध. आईनं एक घोट घेतला, कपात डोकावून बघितलं आणि म्हणाली, “पत्ती टाकायची विसरलास काय रे?”

आपण रोज वापरतो ती सीटीसी पत्ती. पान चिरडून, फाडून त्याच्या बारीक गोळ्या वळलेल्या असतात. पाण्यात पडली की लगेच रंग आणि कडकपणा सोडते, दूध-साखरेचा भार सहज पेलते. तुमच्या पुडीतला माल त्या घरातलाच नाही. दार्जिलिंगचे मळे साधारण ६०० ते २००० मीटर उंचीवर. थंडीत झुडपं झोपलेली असतात. फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चमध्ये पहिले कोंब फुटतात आणि एप्रिलपर्यंत जी खुडणी होते ती फर्स्ट फ्लश. गार हवेत कोंब सावकाश वाढतो, त्यामुळं वास आणि गोडसरपणा त्यात साठून राहतो. कारखान्यात ही पानं हवेच्या झोतावर इतकी सुकवतात की निम्म्याहून जास्त वजन उतरतं. पानात पाणीच फारसं उरलं नाही की पुढं ते पुरतं काळं पडत नाही. म्हणून गणती काळ्या चहात, पण पत्ती हिरवट-तपकिरी आणि कपात रंग पिवळसर सोनेरी. हा दोष नव्हे, असाच असतो तो.

(द्राक्षासारख्या वासाचा ज्याचा गवगवा ऐकता तो मे-जूनचा सेकंड फ्लश. त्या वासात तुडतुड्यांचा हात असतो. किडीनं पान चोखलं की झुडूप स्वतःच्या बचावासाठी जी द्रव्यं तयार करतं, त्यातून तो येतो. आपल्याकडं तुडतुडे दिसले की फवारणीचा पंप निघतो.)

आता करायचा कसा. पाणी उकळा, गॅस बंद करा, दोनेक मिनिटं थांबा. पत्ती पातेल्यात नाही, वेगळ्या भांड्यात घ्या, वरून पाणी ओता, झाकण ठेवा आणि अडीच ते तीन मिनिटांत गाळा. पाणी ८५ ते ९० अंशांवर असलं की बास. गंमत म्हणजे दार्जिलिंग गावात पाणी उकळतंच ९३ अंशांच्या आसपास, आमच्या कोल्हापुरात ते ९८ पर्यंत जातं. गॅसवर खळखळ उकळलं की कोवळ्या कोंबातला कडूपणा आणि तुरटपणा सगळा उतरतो, आणि सुगंध वाफेवर निघून जातो. स्वयंपाकघरात घमघमाट सुटला म्हणून खूश होऊ नका, तो कपातूनच गेलेला असतो.

माप मात्र चमच्यानं फसतं. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, एका मित्राचं दुकान आहे, त्याच्या सोन्याच्या तराजूवर मी दोन्ही पत्त्या मोजल्या. सीटीसीचा एक चमचा जवळजवळ तीन ग्रॅम भरला, ही लांब, पोकळ पत्ती जेमतेम दीड. मित्र हसत होता, पण मुद्दा कळला. मोठ्या कपाला दोन-सव्वादोन ग्रॅम लागते, म्हणजे चमचा चांगला शिगेचा घ्या. पाणी बोअरचं नको. आमच्या बोअरच्या पाण्यात केला तर वर तेलकट तवंग धरला आणि चव मेली. नळाच्या पाण्यात तोच चहा स्वच्छ उतरला.

दूध घालूच नका. या चहात मुळात कडकपणा कमी, त्यात दुधातली प्रथिनं असलेला तुरटपणाही धरून बसतात. मग उरतं ते कोमट, वासाचं दूध. साखर पहिल्या कपाला तरी टाळा. गाळलेली पत्ती फेकू नका, तिच्यावर दुसरं पाणी ओतून चार मिनिटं ठेवा. कप फिका होतो, पण मला तोच जास्त आवडतो. आईला दोन्ही आवडत नाहीत.

एवढं करूनही नुसतं गवताचं पाणी लागलं, तर मग पुडी बघा. मळ्याचं नाव आणि खुडणीचं वर्ष आहे का, दोन पानं-एक कळी हातात धरलेल्या बाईचं दार्जिलिंगचं चिन्ह आहे का. ‘दार्जिलिंग’ या नावाला २००४ पासून भौगोलिक मानांकन आहे, तरी दुसरीकडचा माल त्या नावानं विकला जातोच. आणि गेल्या वर्षीची पत्ती असेल तर अस्सल असूनही मिळमिळीत लागेल, फर्स्ट फ्लशचा ताजेपणा काही महिन्यांतच उतरतो.

ठेवताना घट्ट झाकणाचा, उजेड न लागणारा डबा घ्या आणि तो मसाल्यांपासून लांब ठेवा. आमचा एक डबा आठ दिवस कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीशेजारी राहिला, झाकण जरा सैल होतं. पुढचा महिनाभर आम्ही तिखट वासाचा दार्जिलिंग प्यायलो.