दोन वर्षांचं ग्रीनकार्ड संपत आलंय आणि नवरा सही करायला नाही म्हणतो. मला भारतात परत जावं लागेल का?

नाही. केवळ त्याने सही केली नाही म्हणून परत जावं लागत नाही. पण काहीच न करता कार्डावरची तारीख उलटू दिलीत तर प्रकरण अवघड होईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: लग्न पुण्यात, घरच्यांनी ठरवून झालं. नवरा अमेरिकन नागरिक. तुम्ही न्यू जर्सीला आलात तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आता काही महिन्यांपासून तुम्ही मैत्रिणीकडे राहताय, घटस्फोट अजून झालेला नाही, आणि तो म्हणतो, "मी एक फोन केला की तुझं कार्ड रद्द." नागरिकत्वासाठी तीन वर्षं धरायची की पाच, आणि नागरिकत्व घेतलं तर वडिलांच्या शेतातला वाटा जाईल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी स्वतः लग्नाच्या व्हिसावरच इथे आले, पुढे नागरिक झाले, आणि आता गावातल्या ग्रंथालयात नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेते. मी वकील नाही. पण ते फोनचं वाक्य तिथे येणाऱ्या बायकांच्या तोंडून मी पुन्हा पुन्हा ऐकलंय आणि दर वेळी संताप येतो. असा कुठलाही फोन नसतो. तुम्ही इथे येण्याआधी, मुंबईच्या वकिलातीत प्रकरण चालू असताना, अर्ज त्याचा होता आणि तो मागे घेणं त्याच्या हातात होतं. तुम्ही विमानतळावर शिक्का घेऊन आत आलात त्या दिवसापासून कायम रहिवासाचा दर्जा तुमचा झाला. तो काढून घ्यायचा तर सरकारला रीतसर नोटीस द्यावी लागते आणि तुम्हाला इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडता येते. नवऱ्याच्या हातात हे नाही.

दोन वर्षांचंच कार्ड का, तर खोट्या लग्नांना आळा घालायला १९८६ साली कायदा झाला. देशात येताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर मिळणारा दर्जा सशर्त असतो. ती अट काढण्याचा अर्ज म्हणजे आय-७५१. दोघांनी मिळून करायचा असेल तर कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत करायचा. वेगळे राहत असलात तरी कायद्याने नवरा-बायको असेपर्यंत दोघांच्या सहीने तो भरता येतो, फक्त वेगळे राहतो ही गोष्ट लपवायची नाही.

तो सही करणारच नसेल तर कायद्याने ठेवलेली दुसरी वाट आहे: त्याच्या सहीविना, तुमच्या एकटीच्या नावाने तोच आय-७५१. याला ९० दिवसांचं बंधन नाही, आधीही करता येतो आणि नंतरही. त्यासाठी कारण लागतं. लग्न खऱ्या मनाने केलं होतं पण घटस्फोट झाला, हे एक. लग्न खरं होतं पण नवऱ्याने मारहाण किंवा अतोनात छळ केला, हे दुसरं. परत पाठवलं तर कमालीचे हाल होतील, हे तिसरं. शेवटच्या दोन कारणांना घटस्फोटाची गरज नाही. पहिल्यासाठी मात्र कोर्टाचा अंतिम हुकूम लागतो. न्यू जर्सीत कोणाचाही दोष सिद्ध न करता, सहा महिने पटत नाही एवढ्या कारणावर दावा लावता येतो. तुमची मुदत आणि दाव्याची चाल यांचा मेळ बसत नसेल तर तेवढ्यासाठी तरी इमिग्रेशनचा वकील गाठा. इथला नोटरी म्हणजे वकील नव्हे, त्याच्याकडे जाऊ नका.

छळ म्हणजे अंगावर वळ उठलेच पाहिजेत असं नाही. पासपोर्ट सासूच्या कपाटात ठेवणं, पगार काढून घेणं, माहेरी बोलू न देणं, हद्दपारीच्या धमक्या देत राहणं, हे सगळं मिळून छळात बसू शकतं. तुमच्या प्रश्नात तुम्ही फोनच्या धमकीशिवाय काही लिहिलं नाही, मीही खोदून विचारत नाही. पण तसं काही असेल तर न्यू जर्सीत 'मानवी' आणि न्यूयॉर्कमध्ये 'सखी' या आपल्याकडच्या बायकांसाठी चालणाऱ्या जुन्या संस्था आहेत. या आधारावर केलेल्या अर्जाची माहिती सरकार नवऱ्याला कळू देत नाही, तसा कायदाच आहे.

अर्ज पोहोचल्याची पावती येते. ती आणि संपलेलं कार्ड मिळून तुमचा दर्जा पुढे ४८ महिने चालू राहतो, नोकरीही करता येते.

आता पुराव्यांबद्दल, कारण सगळा भार त्यांच्यावर आहे. अधिकाऱ्याला संसार का मोडला याच्याशी फारसं घेणं नसतं. लग्न केलं तेव्हा एकत्र संसार करायचा हेतू होता का, हे त्याला बघायचं असतं. ठरवून केलेल्या लग्नात आपल्या बायका इथे उगाच कचरतात, की आम्ही लग्नाआधी भेटलोच किती! अहो, ठरवून केलेल्या लग्नाइतका कागद कुठल्या लग्नाचा निघतो? दोन्हीकडचे बायोडेटा, साखरपुड्याचे फोटो, पत्रिका, कार्यालयाची पावती, महापालिकेचा विवाह नोंदणी दाखला, व्हिसाची वाट बघतानाच्या व्हॉट्सॲपच्या गप्पा. इथे आल्यावरचे दोघांच्या नावाचे भाडेकरार, बँकखातं, विमा, एकत्र भरलेला कर. तुम्हा दोघांना ओळखणाऱ्यांची सही केलेली निवेदनं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. दोन्ही भाषा नीट येणारी कुणीही व्यक्ती ते करून अचूकतेचं प्रमाणपत्र सही करून देऊ शकते. मूळ कागद त्याच्या घरी अडकले असतील तर सरकारकडे असलेल्या तुमच्या फाइलची प्रत माहितीच्या कायद्याखाली ऑनलाइन मागता येते. "कागदांचं आम्ही बघतो" असं सासरच्यांनी कितीही प्रेमाने म्हटलं तरी एक प्रत तुमच्याकडे हवीच, हे मी सुखात नांदणाऱ्या मुलींनाही सांगते.

पत्ता बदलल्याचं कळवलंत का? हे आज रात्रीच करा. घर बदलल्यापासून १० दिवसांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, एआर-११ हा ऑनलाइन अर्ज आहे. नाहीतर बोटांचे ठसे द्यायला बोलावल्याचं पत्र त्याच्या दारात पडेल, तुम्ही जाणार नाही, आणि अर्ज त्यावरच फेटाळला जाऊ शकतो.

कराचंही बघा. ३१ डिसेंबरला घटस्फोट झालेला नसेल तर 'सिंगल' म्हणून विवरण भरू नका, विवाहित पण स्वतंत्र असा पर्याय असतो. आणखी एक, जे नवरे सहसा सांगत नाहीत: व्हिसाच्या वेळी त्याने आय-८६४ या हमीपत्रावर सही करून तुमच्या पोटापाण्याची हमी सरकारला दिलेली आहे. ती घटस्फोटाने संपत नाही. तुम्ही नागरिक होईपर्यंत, किंवा कामाच्या ४० तिमाह्या भरेपर्यंत, किंवा देश कायमचा सोडेपर्यंत ती टिकते. घटस्फोटाच्या वकिलाच्या कानावर हे नक्की घाला.

नागरिकत्वासाठी पाच वर्षं धरून चाला. तीन वर्षांची सवलत नागरिक जोडीदारासोबत प्रत्यक्ष नांदणाऱ्यांना आहे, आणि शपथेआधी घटस्फोट झाला तरी ती जाते. छळ झालेल्या बायकांना मात्र वेगळं राहूनही तीन वर्षांनी अर्ज करता येतो. सशर्त कार्डावरची दोन वर्षं वाया जात नाहीत. कार्डावर रहिवासी झाल्याची तारीख छापलेली असते, तिथून मोजायचं, आणि पाच वर्षं भरण्याच्या ९० दिवस आधी एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो. त्या पाच वर्षांत निदान ३० महिने इथे असायला हवं. आईकडे राहायला जाल तेव्हा एका वेळी सहा महिन्यांच्या आत परत या, त्याहून लांबलेला मुक्काम अडचणीचा ठरतो. परीक्षेची धास्ती घेऊ नका. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतले २० विचारतात, १२ बरोबर आले की झालं. यादी आधीच हातात असते. माहेरचं नाव परत लावायचं असेल तर ते घटस्फोटाच्या हुकुमातच मागून घ्या, म्हणजे पुढचे सगळे कागद एका नावाने होतील.

राहिली शेती. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे शपथेनंतर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड काढता येतं. त्या कार्डावर मतदान करता येत नाही आणि नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांकडून वारशाने येणारी जमीन मात्र घेता येते. त्यामुळे सातबाऱ्यावरचा तुमचा वाटा नागरिकत्वामुळे जात नाही, आणि भाऊ किंवा काका तेवढ्या कारणावरून हक्कसोड पत्रावर सही मागत असतील तर करू नका.