सह्याद्रीत दोन-तीन मुक्कामांच्या ट्रेकसाठी कोणत्याही ऋतूत चालेल असे सामान कसे भरावे?

राजगड ते तोरणा किंवा हरिश्चंद्रगड यांसारख्या मुक्कामी ट्रेकसाठी बाराही महिने चालेल अशी एकच यादी करता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अर्धी यादी बारमाही असते आणि उरलेली अर्धी पाण्यावरून ठरते. सह्याद्रीत ऋतू बदलला की प्रथम बदलते ते पाणी, आणि सॅकमध्ये काय असावे हेही तेच ठरवते.

बारमाही भाग लवकर सांगून होतो. 45 ते 50 लिटरची, कमरेला पट्टा असलेली सॅक, खोल नक्षीच्या रबरी सोलचे बूट, हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल, कॅरी मॅट (झोपताना खाली अंथरायची, गुंडाळता येणारी फोमची चटई), शिट्टी, प्रथमोपचाराचे साहित्य, थोडी रोख रक्कम आणि केवळ झोपताना घालायचा कोरड्या कपड्यांचा एक जोड. या जोडाला दिवसा हात लावू नये. बुटांचा सोल वाटेत निघण्याचे प्रकार नेहमी घडतात, म्हणून मजबूत सुतळीचे छोटे बंडल जवळ ठेवावे. कमरेचा पट्टा नीट आवळला, तर बहुतेक भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो. जड वस्तू पाठीला लागून मध्यभागी, झोपण्याचे सामान तळाशी आणि वाटेत लागणारे खाणे व रेनकोट सर्वांत वर ठेवावेत. भरलेल्या सॅकचे वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ देऊ नये. नवख्या माणसाने तर त्याहूनही बरेच कमी ठेवावे.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. बहुतेक जण सॅकवर रेनकव्हर चढवून निश्चिंत होतात. परंतु पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि मानेवरून ओघळणारे पाणी तिथूनच आत झिरपते. म्हणून सॅकच्या आत जाड प्लास्टिकची एक मोठी पिशवी अस्तरासारखी घालून सर्व सामान तिच्यात भरावे, तिचे तोंड पिळून बांधावे आणि रेनकव्हर हे केवळ दुसरे कवच मानावे. छत्री घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात टिकत नाही. पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा झग्यासारखा सैल रेनकोट, सपाटीवर सोयीचा असला, तरी कातळटप्प्यावर तो वाऱ्याने फडफडून पाऊल कुठे पडते आहे हेच दिसू देत नाही, म्हणून मी आखूड रेनजॅकेटच सुचवेन. जीन्स आणि सुती कपडे घरीच ठेवावेत. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे चालणे थांबताच भिजलेला माणूस भर जुलैतही कुडकुडू लागतो. लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे आणि मोज्यांचे दोन जादा जोड यांवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

हिवाळ्यात आकाश कोरडे असते, पण चढताना येणारा घाम हेच तेव्हाचे पाणी समजावे. एक जाड जॅकेट घालून चढण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घ्यावेत, चढावर ते काढावेत आणि थांबल्यावर लगेच चढवावेत. गुहेत झोपायचे असल्यास दगडी जमीन रात्रभर अंगातली ऊब खेचत राहते, म्हणून स्लीपिंग बॅग कितीही चांगली असली तरी खाली कॅरी मॅट हवीच. स्लीपिंग बॅगवर दोन तापमाने छापलेली असतील, तर त्यांतले ‘कम्फर्ट’चे (आरामात झोपता येईल असे) तापमान विचारात घ्यावे, ‘लिमिट’च्या (जेमतेम निभावेल अशा) आकड्यावर भरवसा ठेवून सुखाची झोप लागत नाही.

उन्हाळ्यात गणित उलटे होते. एप्रिल-मेमध्ये गडांवरची अनेक टाकी आटतात किंवा त्यांतले पाणी पिण्याजोगे उरत नाही, आणि राजगडाच्या संजीवनी माचीकडून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या धारेवर सावलीही फार थोडी मिळते. अशा वेळी माणशी किमान चार लिटर पाणी, म्हणजेच चार किलोचा भार, सोबत घ्यावा लागतो. त्यासाठी स्लीपिंग बॅगऐवजी पातळ चादर घेऊन जागा करावी. क्षारसंजीवनीची पाकिटे, रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा घ्यावा. पावसाळ्यात वर्ज्य सांगितलेले सुती कापड इथे घाम धरून अंग गार ठेवते. सुकलेल्या गवतात स्टोव्ह मुळीच पेटवू नये. उग्र वासाची अत्तरेही टाळावीत, कारण कड्यांवर आग्या मोहोळे असतात.

शेवटची सूचना गटासंबंधी आहे. स्टोव्ह, भांडी, दोर आणि पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या प्रत्येकाने वेगळ्या आणण्याचे कारण नाही; निघण्याच्या आदल्या दिवशी बोलून त्या वाटून घ्याव्यात. मात्र टॉर्च, पाणी, शिट्टी आणि कोरडा जोड प्रत्येकाच्या स्वतःच्या सॅकमध्येच असावा, कारण धुक्यात माणसे मागेपुढे होतात आणि तेव्हा दुसऱ्याच्या पाठीवरची वस्तू आपल्या उपयोगाची नसते.