३.२७४ मिमीची वायर कुठल्या दुकानात मिळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फिक्स्चरच्या (काम पकडून ठेवणाऱ्या साधनाच्या) इजेक्टरसाठी, म्हणजे भाग बाहेर ढकलणाऱ्या दांड्यासाठी, कॉम्प्रेशन स्प्रिंग हवी, २० मिमी दाबल्यावर ४०० न्यूटन, स्प्रिंग बसेल त्या भोकाचा व्यास (बोअर) ३२ मिमी, मटेरियल म्युझिक वायर, म्हणजे स्प्रिंगसाठीची कडक स्टील वायर. सरासरी व्यास (वेढ्याचा, वायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत) २४ मिमी धरून स्प्रेडशीटमधल्या सॉल्व्हरला कमीत कमी वजन काढायला लावलंत आणि उत्तर आलं: वायर ३.२७४ मिमी, चालू वेढे (प्रत्यक्ष दबणारे) ४.१.

हाताने करून पाहिलं, स्टिफनेस २० न्यूटन प्रति मिमी येतोच. गणित बरोबर आहे, पण ही स्प्रिंग मी बनवायला टाकणार नाही.

आधी वजनाचं बघू. गोल वायरच्या स्प्रिंगमध्ये दर घन मिलिमीटरला किती ऊर्जा साठते हे स्ट्रेसच्या वर्गावर ठरतं. व्यास किती, वेढे किती, याला त्यात काही किंमत नाही. तुम्हाला ४ जूल साठवायचे आहेत. एवढं ठरलं की चालू वेढ्यांचं वजन फक्त तुम्ही स्ट्रेस किती चढवता त्यावर. वायर ४ मिमी आणि सरासरी व्यास २४ घ्या: वेढे ९.१, वाल फॅक्टर (वेढ्याच्या आतल्या बाजूला वाढणाऱ्या स्ट्रेसची दुरुस्ती) धरून स्ट्रेस ४७८ मेगापास्कल, टोकाचे दोन वेढे धरून वजन ८३ ग्रॅम. वायर ३.५ आणि व्यास २४.५ घ्या: वेढे ५, स्ट्रेस ७०६, वजन ४१ ग्रॅम. निम्मं! सॉल्व्हरने काही शोध लावलेला नाही. स्ट्रेसची मर्यादा लागेपर्यंत तो वायर बारीक करत गेला, एवढंच. म्हणून खरा प्रश्न ती मर्यादा तुम्ही कुठे लावलीत हा आहे.

तुम्ही ती ४०० न्यूटनला लावलीत, टेन्साइलच्या (वायर ओढून तुटते त्या स्ट्रेसच्या) ४५ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ८३७. आणि स्प्रिंग पूर्ण मिटली तर? जोडताना कुणीतरी ती व्हाइसमध्ये धरून मिटवणारच. वेढ्याला वेढा टेकायच्या आधी १५ टक्के जागा ठेवली, तर ती २३ मिमी दाबल्यावर मिटते आणि स्ट्रेस ९६३ वर जातो, टेन्साइलच्या ५२ टक्के. स्क्रॅगिंग (बनवतानाच स्प्रिंग मुद्दाम पूर्ण मिटवून घेणं) न करता एवढं चढवलं तर स्प्रिंग बसते; लांबी कायमची कमी होते आणि ४०० चे ३८० कधी झाले ते कळतही नाही. शीटमध्ये मिटलेल्या अवस्थेची एक ओळ वाढवा, सॉल्व्हर आपोआप जाड वायरकडे वळेल.

३.५ ची वायर सहज मिळते, आणि त्यात मिटल्यावर ८१२ येतात, या जाडीच्या वायरला ४५ टक्क्यांची मर्यादा सुमारे ८३०. घासून पास, पण पास. मिटलेली लांबी २४.५, मोकळी ४७.५. लांबी व्यासाच्या दुप्पटही नाही, त्यामुळे बकलिंगचा (दाबताना बाजूला वाकण्याचा) विषयच नको. बाहेरचा व्यास २८, दाबल्यावर किंचित फुगेल तरी ३२ मध्ये मोकळी राहील.

दशांशांच्या मागे लागू नका म्हणतो त्याला कारण आहे. एकदा आमच्याकडे आलेला सगळा लॉट नरम निघाला. वेढे मोजले, व्यास मोजला, सगळं ड्रॉइंगप्रमाणे. शेवटी वायरला मायक्रोमीटर लावला: ३.५ च्या जागी ३.४५. स्टिफनेस वायरच्या चौथ्या घातावर जातो, म्हणजे एवढ्याशा फरकाने साडेपाच टक्के गेले. सरासरी व्यास तिसऱ्या घातावर, उलट्या दिशेने; तोही काही गरीब नाही.

हे सगळं दिवसाला पाच-पन्नास वेळा दबणाऱ्या स्प्रिंगसाठी. मिनिटाला शेकडो ठोके असतील तर ४५ टक्के विसरा. किमान आणि कमाल लोड घेऊन फटीगचा (पुन्हापुन्हा दबून तुटण्याचा) हिशेब वेगळा करायचा, शॉट पीनिंगही (पृष्ठभागावर बारीक छर्‍यांचा मारा) तिथेच कामाला येतं. आणि झिंक प्लेटिंग करून घेणार असाल तर नंतर बेकिंग (हायड्रोजन बाहेर काढायला भट्टीत तापवणं) झालंय ना ते विचारा. प्लेटिंगमध्ये स्टीलमध्ये शिरलेल्या हायड्रोजनमुळे अशी स्प्रिंग शेल्फवर ठेवल्या ठेवल्या तुटलेली मी पाहिली आहे.

ड्रॉइंगवर वायर, बाहेरचा व्यास आणि ‘२७.५ मिमी लांबीला ४०० न्यूटन’ एवढंच टॉलरन्ससकट (चालेल तेवढ्या फरकासकट) द्या. टोकं बंद आणि ग्राइंड (घासून सपाट). वेढे आणि मोकळी लांबी कंसात, फक्त संदर्भासाठी. तेवढी मोकळीक बनवणाऱ्याला ठेवली नाहीत, तर लोड बरोबर आणायला त्याच्या हातात काहीच उरत नाही.