गँगस्टा की गँगस्टर, आणि आइस-टीला 'जनक' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकन रॅपर आईस टी याच्या कारकिर्दीवरच्या लेखाचा मराठी अनुवाद करायचा आहे. मूळ लेखात त्याला 'गँगस्टा रॅप पायोनियर' म्हटलंय. (गँगस्टा रॅप म्हणजे टोळ्या, पोलीस आणि रस्त्यावरचं जगणं यांच्या हकिकती सांगणारा रॅपचा प्रकार.) 'गँगस्टा' हे 'गँगस्टर'चं चुकलेलं रूप समजून दुरुस्त करावं का? की सरळ 'टोळीगीतांचा जनक' असं शुद्ध मराठी करावं?

दुरुस्त करू नका. 'गँगस्टा' हा मुद्रणदोष नाही. आफ्रिकन-अमेरिकन बोलीत शब्दाच्या शेवटी स्वरानंतर येणारा 'र' पुष्कळदा उच्चारात गळतो. सिस्टरचं सिस्टा होतं, किलरचं किला होतं. एवढ्यावर थांबलं असतं तर तो केवळ उच्चाराचा विषय होता. पण लोक हे रूप मुद्दाम तसंच लिहू लागले, तेव्हा त्याला वेगळा अर्थ मिळाला. काळ्या लोकांसाठी गोऱ्यांनी वापरलेल्या सर्वांत अपमानकारक शब्दाचंही असंच आहे. शेवटी 'र' असलेलं रूप ही बाहेरच्याने दिलेली शिवी, आणि 'आ' असलेलं रूप आपसात वापरायचं. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाच्या नावातला 'एन' त्याच शब्दाचा आहे. तेव्हा हा शेवटचा 'आ' कोण बोलतोय ते सांगतो. तो खोडला की बोलणारा माणूसच बदलतो.

मराठीत 'गँगस्टर' वर्तमानपत्रांतून रुळला. पोलीस दफ्तरी नोंद असलेला, टोळीतला माणूस असा त्याचा अर्थ, आणि तो बाहेरून लावलेला शिक्का आहे. 'गुंड' तसाच. म्हणून 'गुंडरॅप' जमत नाही. 'टोळीगीत' त्याहून फसवं आहे, कारण ते ऐकताना पुष्कळ जणांनी मिळून म्हटलेलं गाणं डोळ्यांसमोर येतं, तर इथे एकटा माणूस स्वतःच्या तोंडून हकिकत सांगत असतो. एन.डब्ल्यू.ए.च्या १९८८ च्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' या अल्बममध्ये 'गँगस्टा गँगस्टा' नावाचं गाणं आहे. पुढे अशा साऱ्या गाण्यांना 'गँगस्टा रॅप' हेच नाव चिकटलं. गटातली मंडळी स्वतः मात्र त्याला 'रिॲलिटी रॅप' म्हणत, म्हणजे वास्तवाचा रॅप.

एक अपवाद नीट सांभाळावा लागेल. आइस-टीच्या १९९१ च्या अल्बमचं नाव 'ओ.जी. ओरिजिनल गँगस्टर' असं 'र'सकट आहे. ते 'गँगस्टा' करू नका. गानप्रकार असेल तिथे गँगस्टा, गुन्हेगारीतला प्रत्यक्ष माणूस असेल तिथे गँगस्टर, आणि शीर्षक असेल तर मुखपृष्ठावर छापलंय तसं, एवढं पाळलं की घोळ होत नाही. 'ओजी' हल्ली आपल्याकडची मुलंही 'अस्सल, मूळचा' या अर्थाने सर्रास वापरतात. लॉस एंजेलिसच्या टोळ्यांमध्ये तो मानाचा शब्द होता: जुना, आधीच्या पिढीतला, ज्याचं ऐकलं जातं असा माणूस.

आता लेखन. 'गँ' दोन प्रकारे टंकता येतं: ग वर थेट चंद्रबिंदू, किंवा ग वर आधी अर्धचंद्र आणि मग अनुस्वार. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. एका लेखात दोन्ही मिसळले तर शोधताना अर्धे उल्लेख सापडत नाहीत आणि 'सगळे बदला' ही आज्ञाही अर्धीच लागू होते. 'बँक' जसं लिहिता तसंच 'गँग' लिहा आणि शेवटी दुसऱ्या रूपाचा शोध घेऊन ते बदलून टाका. नुसता अनुस्वार देऊन 'गंगस्टा' करू नका, उच्चारच बदलतो.

याहून कितीतरी गंभीर चूक 'रॅप'मध्ये होते. अर्धचंद्राच्या जागी मात्रा पडली की 'रेप' होतं, आणि मग 'त्याने पहिला रेप केला' असं भयंकर वाक्य माणसाच्या नावासकट छापलं जातं. मजकूर पाठवण्याआधी 'रेप' हा शब्द शोधाच. चॉकलेटच्या वेष्टनालाही आपण 'रॅपर'च म्हणतो, म्हणून पहिल्या उल्लेखात 'रॅप गायक' लिहिलेलं बरं.

विभक्ती लावताना 'गँगस्ट्या' करू नका. घोडा-घोड्याने हा नियम सगळ्या आकारान्त शब्दांना लागत नाही. राजा-राजाने, काका-काकाने होतं. तसंच गँगस्टाने, गँगस्टाचा. विशेषण म्हणून आला तर 'जादा'सारखा अविकारी ठेवा: जादा गाड्यांमध्ये, गँगस्टा गाण्यांमध्ये. 'गँगस्ट्या' म्हटलं की पक्या, गण्या यांच्या पंगतीत बसल्यासारखं वाटतं. रॅपचं लिंग अजून पक्कं ठरलेलं नाही. 'तो प्रकार' धरून पुल्लिंगी चालवा आणि लेखभर तेच ठेवा.

नावाकडेही लक्ष द्या. प्रश्नात 'आईस टी' आहे. मराठी वाचकाला 'आईस' म्हणजे 'आईला' असं क्षणभर तरी वाटतं, आणि जोडरेघ नसेल तर ते थंड चहाचं नाव होतं. 'आइस-टी' लिहा. या नावाचा चहाशी काही संबंध नाही. त्याचं मूळ नाव ट्रेसी मॅरो. आइसबर्ग स्लिम या लेखकाचे उतारे तो मित्रांना पाठ म्हणून दाखवायचा. त्यातला 'आइस' आणि ट्रेसीचा 'टी' मिळून हे नाव झालं. यंत्राने केलेल्या अनुवादात 'बर्फाचा चहा' आला तर तो हाताने काढावा लागेल.

उरला 'पायोनियर'. मुळात सैन्याच्या पुढे जाऊन रस्ता साफ करणाऱ्या पायदळाच्या शिपायाला हा शब्द होता. असे शिपाई एकाहून जास्त असतात. 'जनक' मात्र एकच असतो. मराठीत हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो, आणि आइस-टीच्या बाबतीत तो तथ्यालाच धरून नाही.

त्याचा जन्म १६ फेब्रुवारी १९५८ चा, न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचा. आईवडील लहानपणीच गेले आणि तो लॉस एंजेलिसला नातेवाइकांकडे वाढला. क्रेनशॉ हायस्कूलनंतर तो सैन्यात गेला, २५ व्या पायदळ डिव्हिजनमध्ये, हवाईत. परतल्यावर गाऊ लागला. १९८४ च्या 'ब्रेकिन' या चित्रपटात तो दिसतो, पण तेव्हाचं त्याचं गाणं नाचाच्या क्लबांसाठी होतं. त्यात गँगस्टा असं काही नव्हतं.

बदल फिलाडेल्फियातून आला. तिथल्या स्कूली डी या रॅप गायकाने १९८५ मध्ये स्वतःच्याच लेबलवर (रेकॉर्ड कंपनीतून) 'पी.एस.के. व्हॉट डझ इट मीन?' हे गाणं काढलं. गाण्याचं नावच एक शब्दचर्चा आहे: पी.एस.के. म्हणजे काय? गाण्यात तो एकेका अक्षराचा निरुपद्रवी अर्थ सांगत जातो. प्रत्यक्षात ती अक्षरं त्याच्या वस्तीतल्या 'पार्क साइड किलाज' या टोळीची होती. इथेही शेवटी तोच 'आ'. मागे ड्रम मशीनचा भलामोठा घुमणारा ठोका, आणि पुढे घाई न करता, गप्पा माराव्यात तसा सांगणारा आवाज. आइस-टीने हे गाणं क्लबमध्ये ऐकलं आणि त्याच चालीवर 'सिक्स इन द मॉर्निन' लिहिलं, असं तो स्वतःच सांगत आला आहे. ते १९८६ मध्ये 'डॉगन द वॅक्स' या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला आलं. पहाटे सहाला पोलीस दारावर थाप मारतात आणि निवेदक पळतो, तिथून कथा सुरू होते. पहिली बाजू लोक विसरले आणि दुसरीने पश्चिम किनाऱ्याच्या रॅपची दिशा ठरवली.

आता 'जनक' कोण म्हणाल? पहिलेपणाचा मान द्यायचा तर 'आद्य' हे विशेषण स्कूली डीला शोभेल. आइस-टीला 'प्रवर्तक' म्हणा, कारण तोच प्रकार त्याने लॉस एंजेलिसच्या रस्त्यांची भाषा घालून पुढे चालवला आणि मोठ्या कंपनीपर्यंत नेला. त्याचा पहिला अल्बम 'राइम पेझ' १९८७ मध्ये वॉर्नरच्या साइअर लेबलवर आला. 'गुन्हा फळत नाही' या अर्थाच्या इंग्रजी म्हणीत 'क्राइम'च्या जागी 'राइम', म्हणजे यमक, घालून आणि नकार काढून केलेली ही कोटी आहे: यमक फळतं. 'पेज' लिहिलं तर वाचकाला पान किंवा भाताची पेज आठवेल, म्हणून 'पेझ'च लिहा. १९८८ मध्ये 'कलर्स' चित्रपटाच्या शीर्षकगीताने तो देशभर पोहोचला.

अनुवादात सर्वांत जपायची जागा पुढे येते: १९९२ चं 'कॉप किलर', म्हणजे पोलिसांचा मारेकरी. ते रॅप गाणं नाही. आइस-टीच्या 'बॉडी काउंट' या मेटल (जोरकस रॉक) बँडचं ते गाणं आहे, म्हणून 'गँगस्टा रॅप' या शीर्षकाखाली ते घालू नका. टेक्सासमधल्या पोलीस संघटनेने बहिष्काराची हाक दिली, राष्ट्राध्यक्षांपर्यंत निषेध गेला, आणि त्याच वर्षी जुलैत आइस-टीने ते अल्बममधून काढून घेतलं. १९९३ च्या सुरुवातीला तो वॉर्नरमधून बाहेर पडला. वाद व्याकरणातल्या प्रथम पुरुषाचा होता. 'मी' म्हणणारा गायक आहे की पोलिसी अत्याचाराने पिसाळलेलं एक पात्र आहे? आइस-टी म्हणत होता, ते पात्र आहे. मराठी वाचकाला हे समजवायला लावणी पुरेशी आहे. होनाजी बाळा किंवा राम जोशी यांच्या लावणीत विरहाने तळमळणारी 'मी' स्त्री असते, आणि तो 'मी' शाहिराचा स्वतःचा आहे असं कुणी धरत नाही.

म्हणून अनुवादात 'आइस-टी म्हणतो, मी पोलिसांना...' असं न लिहिता 'गाण्यातला निवेदक म्हणतो' असं लिहा. त्याच माणसाने १९९१ च्या 'न्यू जॅक सिटी'त पोलिसाची भूमिका केली होती, आणि २००० पासून तो 'लॉ अँड ऑर्डर: स्पेशल व्हिक्टिम्स युनिट' या मालिकेत फिन टुटुओला हा पोलीस अधिकारी रंगवतो आहे. तुमचं वाक्य मग असं होईल: 'पश्चिम किनाऱ्यावरच्या गँगस्टा रॅपच्या प्रवर्तकांपैकी एक, रॅप गायक आणि अभिनेता आइस-टी'.